घासू नका, आधी बघा!



दिवाळी जवळ आली की घरोघरी एक डबी कपाटातून बाहेर येते. कुणाची पितळेची, कुणाची लाकडी, तर कुणाची नुसती कापडाची पुरचुंडी. तिच्यात असतात लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचे चांदीचे जुने रुपये. राणीछाप, राजाछाप. वर्षभर अंधारात राहून ते काळे पडलेले असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं बाई, काय झालेत हे रुपये! जरा लख्ख करून आण बरं." आणि हे काम हमखास कुणाच्या वाट्याला येतं? तुमच्या!

आज मी तुम्हाला सांगणार आहे, की हे काम तेवढं करू नका. निदान हा लेख वाचून संपेपर्यंत तरी थांबा. मी असं का म्हणतो, ते कळावं म्हणून आधी माझीच एक चूक तुम्हाला सांगतो.

तेव्हा मी सहावीत होतो. आजीच्या पितळी डबीत पाच रुपये होते. पाचही पंचम जॉर्ज राजाचे, पण वर्षं वेगवेगळी. त्यातला एक रुपया आजीला तिच्या थोरल्या भावानं भाऊबीजेच्या ओवाळणीत घातलेला. तो भाऊ पुढं लवकर वारला. आजीला इंग्रजी आकडे वाचता येत नसत, पण तो रुपया ती बरोबर ओळखायची. त्याच्या एका कडेला निळसर काळी चंद्रकोर होती. पूजा झाली की आजी तेवढा एक रुपया हातात घेऊन क्षणभर बघायची आणि मग डबीत ठेवायची.

त्या दिवाळीत मला उत्साह आला. चांदीची भांडी रांगोळीनं घासतात, हे मी पाहिलं होतं. घेतली चिमूटभर रांगोळी, घेतला ओला फडका, आणि पाचही रुपये अंगणात बसून खसाखसा घासले. आरशासारखे चमकायला लागले! मी ते ऐटीत आजीपुढं ठेवले. आजीनं एकेक रुपया उचलून बघितला. पुन्हा सगळे बघितले. मग म्हणाली, "माझा कुठला रे यातला?"

मला सांगता आलं नाही. कुणालाच आलं नाही. त्या रुपयावरचं वर्ष कुणी बघूनच ठेवलं नव्हतं. आजी रागावली नाही. "असू दे. आता सगळे सारखेच झाले," एवढंच म्हणाली. पण तिचा चेहरा मला अजून आठवतो.

काळं म्हणजे घाण नव्हे

आता बघू या, मी नेमकं काय घासून टाकलं होतं.

इंग्रजी अमदानीतला हा रुपया 1835 पासून ठरावीक मापाचा होता. वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच. त्यात 12 भागांपैकी 11 भाग चांदी आणि 1 भाग तांबं. लोखंड जसं हवेतल्या ऑक्सिजननं आणि ओलाव्यानं गंजतं, तशी चांदी सहसा गंजत नाही. पण तिचं गंधकाशी फार जमतं. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी किंचित असतो. कोळशाच्या धुरात, अंड्यात, लोकरीत, रबरात, हलक्या प्रतीच्या कागदात आणि पुठ्ठ्यातही गंधकाची संयुगं असतात. ती चांदीच्या पृष्ठभागाशी संयोग पावतात आणि सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. तोच हा काळेपणा.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथंच आहे. हा थर धुळीसारखा बाहेरून येऊन बसलेला नाही. तो नाण्याच्याच चांदीपासून बनलेला आहे. म्हणजे काळा थर घासून काढलात, की त्याबरोबर नाण्याची सगळ्यात वरची चांदीही गेली. वर रांगोळी म्हणजे दगडाची पूड! ती काळ्या थरापाशी थोडीच थांबणार? ती खालची चांदीही ओरबाडते. राख आणि दंतमंजन यांचीही हीच तऱ्हा.

काळ्याच्या आधीचे रंग

गंमत म्हणजे चांदी एकदम काळी पडत नाही. आधी ती फिकट पिवळी होते, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळी, मग निळी. थर वाढत गेला की रंग गढूळ होतात आणि शेवटी करडा-काळा उरतो. हा थर किती पातळ असतो माहीत आहे? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग करा. त्यातल्या एखाद्या भागाएवढ्या जाडीतच ही सगळी रंगपंचमी चाललेली असते!

हे रंग येतात कुठून? साबणाचा फुगा आठवा, किंवा पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात सांडलेलं पेट्रोल. प्रकाशाचा थोडा भाग थराच्या वरून परत फिरतो, थोडा आत जाऊन खालच्या चांदीवरून परत फिरतो. हे दोन्ही भाग एकमेकांत मिसळताना काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. थराची जाडी बदलली की रंग बदलला.

यावरून आजीच्या रुपयावरची चंद्रकोर कशी आली असेल, ते तुम्हीच सांगा पाहू. बरोबर! तो रुपया वर्षानुवर्षं दुसऱ्या रुपयाखाली अर्धवट दबलेला होता. जेवढी कड उघडी राहिली, तेवढी हवा लागून काळी-निळी झाली. म्हणजे नाणं कुठं आणि कसं ठेवलं होतं, याची जणू नोंदच त्याच्यावर लिहिलेली होती.

करून पाहा: आईला विचारून चांदीच्या तुटक्या पैंजणाचा एखादा तुकडा घ्या. (नाणं घ्यायचं नाही, आधीच सांगतो!) उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक एका वाटीत ठेवा. ती वाटी आणि तो तुकडा एका झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवा आणि मधूनमधून उघडून बघा. काही तासांत चांदीवर रंग उतरायला लागेल. कोणत्या क्रमानं रंग आले, ते वहीत टिपून ठेवा. पुढं कामाला येईल.

टांकसाळीतली झळाळी

कोरं नाणं चमकतं आणि घासलेलं नाणंही चमकतं. मग फरक काय?

टांकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये दाबतात. दाब इतका प्रचंड, की धातू क्षणभर कणकेसारखा पसरतो आणि ठशाच्या कानाकोपऱ्यात शिरतो. त्या पसरण्याच्या अतिशय बारीक रेषा नाण्याच्या मध्यापासून कडेकडे उमटतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळंच कोऱ्या नाण्याला ती खास झळाळी येते. दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरताना दिसेल.

एकदा फडका आणि पावडर फिरली, की या रेषा मोडतात. मग उरते ती नुसती भांड्याची चमक. उजेड सगळीकडून सारखाच परत येतो, आरे फिरत नाहीत. आणि या मोडलेल्या रेषा पुन्हा आणायचा उपाय जगात कुठल्याही सराफाकडे नाही.

काळ्या थराखाली मात्र ही झळाळी बऱ्याचदा शाबूत असते. म्हणून तर नाण्यांचे जाणकार काळसर नाणं बघून नाक मुरडत नाहीत. उलट, "वा, याला कुणी हात लावलेला नाही!" म्हणून खूश होतात.

पारख कशी करायची?

चला, आता घरातलाच एक रुपया घ्या. टेबलावर पंचा अंथरा, म्हणजे नाणं हातून सुटलं तरी त्याला पोचा पडणार नाही. नाणं फक्त कडेनं धरा. चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही. घामातल्या मीठ-आम्लांनी बोटाचा ठसा उमटतो आणि काही महिन्यांनी काळा होऊन कायमचा राहतो. खोलीत एकच दिवा ठेवा. हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर उत्तम.

पहिली गोष्ट: नाणं कलतं करून आरे फिरतात का बघा. फिरले तर छानच. नाही फिरले तरी लगेच निराश होऊ नका. पुष्कळ वर्षं बाजारात फिरलेल्या नाण्याची झळाळी आपोआप गेलेली असते. त्याचा रंग शांत, करडा असतो. तोही अस्सलच.

दुसरी गोष्ट: झीज आणि चमक यांचा मेळ बसतो का बघा. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाचा गाल, कानाजवळचे केस, अंगरख्यावरचा छोटा हत्ती या जागा झिजलेल्या असतील, तर नाणं भरपूर फिरलेलं आहे. तरीही ते पांढरंशुभ्र चमकत असेल तर काय समजायचं? झीज आजोबांची आणि चमक नातवाची! नक्की कुणीतरी घासलंय.

तिसरी गोष्ट: भिंगातून मोकळी जागा बघा, म्हणजे राजाचा चेहरा आणि अक्षरं यांच्या मधली. तिथं केसासारख्या बारीक रेघा एकाच दिशेनं, एकमेकींना समांतर गेलेल्या दिसल्या, तर तो फडक्याचा किंवा ब्रशचा प्रताप. खिशातल्या इतर नाण्यांमुळं पडलेले ओरखडे असे शिस्तीत नसतात. कुठं खोल, कुठं उथळ, कुठं आडवे, कुठं तिरपे असतात.

चौथी गोष्ट: कोपरे तपासा. तुम्ही घाईत अंघोळ करता, तेव्हा काय होतं? तोंड चकचकीत, पण मान आणि कानामागची जागा तशीच! घासलेल्या नाण्याचं अगदी तेच होतं. मोकळी जागा पांढरी फटक, आणि अक्षरांच्या बुडाशी, जिथं फडका पोचत नाही, तिथं काळी रेघ. यांच्या मधे काही नाहीच. न घासलेल्या, पण फिरलेल्या नाण्यावरही अक्षरांभोवती काळसर छाया असते. पण ती हळुवार असते, करड्या रंगात विरत जाते.

पाचवी गोष्ट: दोन नाण्यांची तुलना करताना धातू सारखा आहे ना, ते बघा. 1940 ते 1945 या काळातल्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. त्यांचा काळेपणा जुन्या रुपयांसारखा दिसत नाही, बऱ्याचदा मळकट दिसतो. 1947 च्या रुपयात तर चांदी नाहीच. तो निकेलचा. चुंबक लावा, चिकटेल!

रंगवलेलं नाणं

अस्सल काळेपणाला मान आहे, असं म्हटल्यावर काही लबाड मंडळी घासलेल्या नाण्याला मुद्दाम रंग देतात. कुणी गंधकाची रसायनं वापरतं, कुणी नाणं तापवतं. मग ते ओळखायचं कसं? इथं तुमची पैंजणाची वही उपयोगी पडते. सावकाश आलेले रंग एकातून एक, क्रमानं उमलत जातात. पिवळा, सोनेरी, तांबूस-जांभळा, निळा. बऱ्याचदा कडेला गडद आणि मध्याकडे फिकट. घाईनं दिलेले रंग मात्र ठिगळांसारखे दिसतात. पिवळ्याशेजारी एकदम निळा, मधला टप्पा गायब. रंगाच्या खाली त्या समांतर रेघा दिसल्या, तर आधी घासलं आणि मग रंगवलं, किंवा घासल्यावर ते पुन्हा काळं पडलं, असं समजावं.

मात्र एक कबूल करतो. काही नाण्यांवर मुरलेले संग्राहकही आपसांत वाद घालतात. तेव्हा एका नजरेत निकाल देऊ नका. "मला शंका वाटते," असं म्हणायला लाजू नका.

सगळंच काळं चांगलं नसतं

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे नाण्यावर काहीही असलं तरी तसंच राहू द्यायचं?" नाही बरं का.

हळद-कुंकू, तेलाचा चिकटा, धूळ हे बाहेरून आलेलं. ते नाण्याचं नव्हे. बॅटरीत घालायला मिळतं ते शुद्ध पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, वाटीत घेऊन नाणं त्यात काही वेळ बुडवून ठेवा. जे सुटेल ते सुटेल. चोळायचं नाही. नंतर मऊ सुती कापडावर ठेवून वरून अलगद टिपून घ्या.

हिरवा, चिकट थर दिसला तर तो बहुधा मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाची करणी असते. तो नाणं खात जातो. तो घरी काढायच्या भानगडीत पडू नका. नाणं त्या पाकिटातून बाहेर काढा आणि एखाद्या अनुभवी संग्राहकाला दाखवा.

जमिनीत पुरलेल्या चांदीवर मेणचट, करडी खपली धरते. मातीतल्या क्षारांमुळं चांदीचं क्लोराइड होतं, ते हे. तिला नखही लावू नका. ते काम संग्रहालयातल्या तज्ज्ञांचं. आणि जमिनीत नाणी सापडली तर ती खिशात घालायची नसतात. आपल्याकडे 1878 पासून त्यासाठी कायदा आहे, आणि अशा गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

सोडा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचा प्रयोग तुमच्यापैकी कुणी शाळेत केला असेल. त्यानं न रगडता काळा थर जातो, हे खरं. पण परत बसलेली चांदी पहिल्या जागी, पहिल्या रेषांत बसत नाही. झळाळी काही परत येत नाही. तो प्रयोग चमच्यावर करा, रुपयावर नको.

ठेवायचं कसं?

रबरबँडनं नाणी कधी बांधू नका. रबरात गंधक असतं, म्हणून नाण्यावर काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्राचा कागद, लोकर, पुठ्ठ्याची डबी नको. उग्र वासाचं मऊ प्लॅस्टिक तर नकोच. कडक, बिनवासाच्या प्लॅस्टिकची गोल डबी किंवा नाण्यांसाठी मिळणारी चांगली पाकिटं वापरा, आणि ती कोरड्या जागी ठेवा.

चांगली नाणी बघून बघूनच डोळा तयार होतो. मुंबईला फोर्टात 2004 साली सुरू झालेलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. आधी चौकशी करून आईबाबांबरोबर जरूर जाऊन या.

आणि आईबाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. घरातले जुने रुपये सराफाकडे उजाळा द्यायला पाठवू नका. रिठ्याचं पाणी आणि पितळी तारेचा ब्रश दागिन्यांना चालतो, नाण्यांना नाही. लक्ष्मीला काळा रुपया चालत नाही, असं थोडंच आहे?

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी आधीच रुपया घासून बसला असाल, तर रडत बसू नका. तो टाकूनही देऊ नका. पण कुणाशी अदलाबदल करताना मात्र "हा घासलेला आहे" हे स्वतःहून सांगा. नाण्याची चमक खोटी असली तरी आपला शब्द खणखणीत हवा.

आजीचे ते पाच रुपये आता माझ्याकडे आहेत. इतक्या वर्षांत पाचही पुन्हा पिवळसर करडे झाले आहेत. दिसायला छान दिसतात. पण भिंगाखाली धरले की माझ्या रांगोळीच्या रेघा अजून तशाच दिसतात. पाचांवरची वर्षं मी आता वहीत लिहून ठेवली आहेत. त्यातला आजीच्या भावाचा कुठला, ते मात्र कधीच लिहिता येणार नाही.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ एवढाच. घरातली डबी उघडा. आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि एकेक रुपया दाखवून विचारा, "हा कुणी दिला? कधी दिला?" वर्ष, रंग, डाग, आणि ते सांगतील ते सगळं वहीत लिहा. मग रुपये होते तसेच डबीत ठेवा.

फडक्याची गरज नाही. पेन्सिल पुरे!